उताराचा किलोमीटर

चारशे साठ किलोमीटर विकायला काढले मी
जानेवारीत, सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत, जिना चढत.
शंभर रुपयांना एक.
पुणं ते कोल्हापूर, आणि परत.
पैसे संशोधनाला,
काचपट्टीवरची एक पेशी ऐकत का नाही
हे डोळे फोडून बघत बसलेल्या
माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांना.

"पावती मिळेल ना?" कान्हेरे.
"मिळेल."
"आणि मध्येच टेम्पोत बसलीस तर?"
"तुमचा तेवढा चालत करीन."
यावर त्यांनी दोन घेतले.

इस्त्रीवाल्या रामसजीवननं चढ मागितला,
खंबाटकीचा, सगळ्यात वाईट असेल तो.
त्याच्या आईचा रिपोर्ट
गावात कुणाला वाचता आला नव्हता.
तिसऱ्या मजल्यावरच्या ईरानं दहा रुपये दिले,
म्हणजे शंभर मीटर, आणि ते कुठले हे लिहून हवं.
लिहून दिलं: शिरवळजवळ, नीरेचा पूल.

लुकतुके डे-केअरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत असायचे.
दोघांच्या सलाईनची शर्यत लावायचे, हरायचे.
एकेकाळी नारायण पेठेत त्यांचं दुकान होतं,
भाड्याच्या सायकली, तासावर.
म्हणाले, "चढ काय, कुणीही घेईल. मला उतार दे.
कात्रजचा, परत येताना,
जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा पहिला.
जन्मभर सायकली दिल्या
आणि पाच मिनिटं उशीर झाला म्हणून पोरांवर खेकसलो.
त्या जात कुठे होत्या, बघितलं नाही कधी."
पाचशेची नोट. सुटे परत घेतले नाहीत.
"ब्रेक लावू नकोस. बास."

माझं वय अठ्ठावन्न, टेलिफोन खात्यातून निवृत्त.
काखेतल्या गाठी काढल्यापासून
डाव्या हाताचा ब्रेक दाबला
की कोपरापर्यंत एक दोरी ताणली जाते.
उतारांचीच मला भीती.

लोकांना वाटतं, वाटेत माणसं आठवतात.
मला कुणीही आठवलं नाही.
उसाच्या ट्रॉल्या अंगावर येत होत्या,
समोरून वारा, बुडाखाली निखारे,
आणि डोक्यात एवढंच: रस, बर्फ न घालता, आणि आडवं होणं.
खंबाटकीत मात्र रामसजीवनला दोन शिव्या घातल्या.
नीरेच्या पुलावर उतरून
ईरासाठी पावलं मोजली.

अतीतला पंक्चर.
दुकानदारानं पाठीवरचा फलक वाचला, म्हणाला,
"सायकल हाणून क्यान्सरला काय हुतंय?"
"माहीत नाही," म्हटलं.
त्यानं पंक्चर नीट काढलं.
पैसे पूर्ण घेतले.

चौथ्या संध्याकाळी कात्रज.
बोगद्यात धूर, माझाच श्वास मोठ्यानं,
मग बाहेर,
आणि खाली सगळं पुणं दिवे लावून बसलेलं.
फोन लावला. सुनेनं उचलला.
"सकाळपासून बोलत नाहीयेत, काकू."
"नुसता कानाशी धर."

फोन खिशात उभा ठेवला.
पाय पेडलवर, दोन्ही हातांची बोटं ब्रेकवरून उचलून
एकेक करून बाजूला घेतली.
वारा शर्टात शिरला, जिथं आता काही नाही
तिथंही शिरला.
वळण. दुसरं वळण.
कुठल्यातरी एका दिव्याखाली
एका म्हाताऱ्या कानात
हेच सगळं सळसळत असणार.
एकदा घंटी वाजवली, उगाच.

खिशातून आवाज आला,
बारीक, खरखरीत, गल्ल्यावरून यावा तसा:
"तास भरला नाही अजून. जा."

भिलारेवाडीला स्पीडब्रेकर आला.
तिथं मात्र दाबला.